छोट्या व्यवसायाचा खर्च आयकरात कसा बसवायचा: बिलापासून रिटर्नपर्यंत

बहुतेक छोट्या व्यावसायिकांचा समज असतो की खर्च झाला, बिल ठेवलं, की तो नफ्यातून आपोआप वजा होतो. प्रत्यक्षात खर्च खरा असूनही वजावट जाते. रोख दिलं म्हणून जाते, टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापला नाही म्हणून जाते, एक दिवस उशीर झाला म्हणूनही जाते. अशी गेलेली वजावट रिटर्न भरायच्या आठवड्यात सीएच्या टेबलावर सापडते. तोपर्यंत वर्ष संपलेलं असतं आणि दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून खालचे मुद्दे वर्ष चालू असतानाच पाहायचे आहेत.

इथले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत आणि कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्याचे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मात्र २०२५-२६ चं रिटर्न जुन्याच कायद्यावर भरायचं आहे आणि खाली सांगितलेली मूळ तत्त्वं नव्या कायद्यातही बहुतांशी तीच आहेत.

आधी ठरवा: खर्च दाखवायचाच आहे का?

कलम ४४एडी ची अनुमानित नफ्याची योजना घेतली, तर वेगळा खर्च दाखवता येत नाही. भाडं, पगार, घसारा (यंत्र वगैरेंच्या किमतीतली दरवर्षीची घट) हे सगळं आधीच वजा झालं असं कायदा मानतो. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर ही योजना घेता येते. रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ३ कोटी. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरायचा. प्रत्यक्ष नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. ही अट लोक सोयीस्करपणे विसरतात.

कमिशन, दलाली किंवा एजन्सीचं उत्पन्न असणाऱ्यांना ४४एडी मिळत नाही. विमा एजंटांनी हे नीट वाचावं, कारण त्यांची बरीच रिटर्न्स चुकून आयटीआर-४ (अनुमानित योजनेचा रिटर्न फॉर्म) मध्ये जातात. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए यांच्यासाठी वेगळं कलम ४४एडीए आहे. त्यात मर्यादा ५० लाख (रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख) आणि नफा किमान निम्मा.

उदाहरण म्हणून सांगलीतला हळद-मिरची पूड करणारा एकट्या मालकाचा धंदा घेऊ. वर्षाची विक्री ६२ लाख. त्यातले ५० लाख बँकेत, १२ लाख रोख. ४४एडी ने नफा ३ लाख अधिक ९६ हजार, म्हणजे ३.९६ लाख. आता हिशेबाने काढू: सुरुवातीचा साठा ४ लाख, खरेदी ४५.५० लाख, अखेरचा साठा ६.५० लाख. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ४३ लाख आणि ढोबळ नफा १९ लाख. मजुरी, भाडं, वीज, पॅकिंग, हमाली-वाहतूक, व्याज, दुरुस्ती मिळून १४.६० लाख, घसारा १.१० लाख. निव्वळ नफा ३.३० लाख.

फरक ६६ हजारांचा. पण २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो (शेअर, जमीन वगैरेंचा भांडवली नफा असेल तर त्याचा हिशेब वेगळा). या मालकाला दुसरं उत्पन्न नसेल, तर दोन्ही वाटांनी कर शून्यच. अशा माणसाने ६६ हजारांसाठी वर्षभर व्हाउचर सांभाळत बसण्यात फारसा अर्थ नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याने ४४एडी घ्यावं.

खर्चाची वजावट जिथे खरोखर पैसे वाचवते ती माणसं वेगळी. नफा, घरभाडं, पगार मिळून उत्पन्न १२ लाखांच्या वर जाणारे. तोटा झालेले, कारण व्यवसायाचा तोटा पुढची ८ वर्षं ओढता येतो आणि ४४एडी मध्ये तोटा दाखवताच येत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाच्या म्हणजे भागीदारी संस्था. त्यांना पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस (करावरचा उपकर) लागतो, म्हणजे सुटलेल्या प्रत्येक १०० रुपयांच्या खर्चामागे ३१.२० रुपये जातात.

एक धोका लक्षात ठेवा. एकदा ४४एडी घेऊन पुढच्या ५ वर्षांत कधीही सोडलं, तर त्यानंतरची ५ वर्षं ते परत मिळत नाही. त्या काळात उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर हिशेब ठेवणं आणि ऑडिट करणं सक्तीचं होतं. त्यामुळे ‘यंदा मार्जिन कमी आहे, खर्च दाखवू, पुढच्या वर्षी परत ४४एडी’ असं चालत नाही. व्यवसायाचा खर्च नव्या आणि जुन्या दोन्ही करप्रणालींत मिळतो, हेही सांगून ठेवतो. नव्या प्रणालीत बंद झाल्या त्या ८०सी, ८०डी सारख्या वैयक्तिक वजावटी.

खर्च कुणाचा आणि कशाचा

कलम ३७(१) ची कसोटी अशी: खर्च पूर्णपणे धंद्यासाठी झालेला हवा, भांडवली (यंत्र-गाडीसारख्या मालमत्तेवरचा) नको, खाजगी नको आणि कायद्याने मना केलेल्या गोष्टीसाठी नको. भाडं, दुरुस्ती, विमा, व्याज, बोनस, बुडीत उधारी यांना त्यांची स्वतंत्र कलमं आहेत. उरलेलं सगळं ३७ मध्ये येतं.

खाजगी आणि धंद्याचं जिथे मिसळतं तिथे भाग पाडा आणि भाग कशावरून पाडला ते एका कागदावर लिहून ठेवा. घरातल्या ६०० चौरस फुटांपैकी १५० फुटांची खोली पॅकिंगला वापरत असाल तर वीजबिलाचा आणि भाड्याचा चौथा हिस्सा. पॅकिंग मशीनला सबमीटर बसवला तर वाद उरतच नाही. मोटरसायकल, मोबाइल, इंटरनेट यांचंही तेच. शंभर टक्के दाखवलेलं पेट्रोल अधिकाऱ्याला पटत नाही आणि मग तो स्वतःच्या मनाने कापतो. आपण होऊन २० किंवा २५ टक्के खाजगी वापर सोडला तर बाकीचं सहसा टिकतं.

मालक स्वतःला पगार देऊ शकत नाही. तो घेतो ती उचल. बायकोला, भावाला पगार देता येतो, पण काम खरं हवं आणि पगार बाजारभावाचा हवा. कलम ४०ए(२) मध्ये नातेवाइकांना दिलेली अवाजवी रक्कम कापली जाते. बायकोचा पगार तर कलम ६४ ने परत नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जातो. ती स्वतःच्या तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रतेवर कमावत असेल तरच तो तिचा राहतो. फूड टेक्नॉलॉजीची पदवी असलेली पत्नी मसाल्याची गुणवत्ता पाहत असेल तर ठीक. नुसतं हजेरीपुस्तकात नाव असेल तर नाही.

वर्गणीचा प्रश्न आपल्याकडे दर भाद्रपदात येतो. मंडळाला दिलेली वर्गणी हा धंद्याचा खर्च नाही. मंडपात तुमच्या दुकानाचा फलक लागत असेल तर पावतीवर ‘जाहिरात’ असं लिहून घ्या, फलकाचा तारखेसह फोटो काढा आणि पैसे बँकेतून द्या. मग तो जाहिरात खर्च. राजकीय पक्षाच्या स्मरणिकेतली जाहिरात मात्र कलम ३७(२बी) ने थेट बाद आहे. वाहतूक पोलिसांचा किंवा महापालिकेचा दंड मिळत नाही, आयकर आणि त्यावरचं व्याजही मिळत नाही. जीएसटी उशिरा भरल्याचं व्याज मात्र भरपाईच्या स्वरूपाचं असल्याने सहसा मिळतं. व्यवसाय कराचे (पीटीईसी) वर्षाचे २,५०० रुपये मिळतात, फक्त ते प्रत्यक्ष भरलेले हवेत. स्वतःच्या एलआयसीचा हप्ता कधीच धंद्याचा खर्च नसतो, दुकानाच्या खात्यातून कापला गेला तरी.

कागद कसा हवा

धंद्याचं चालू खातं वेगळं ठेवा. घरच्या बचत खात्याच्या क्यूआर कोडवर विक्री घेतली की किराणा, मुलांची फी आणि मिरचीची खरेदी एकाच पासबुकात येते. वर्षअखेरीस ती वेगळी करणं म्हणजे डाळीतले खडे निवडणं.

पक्क्या बिलावर विकणाऱ्याचं नाव, बिल नंबर, तारीख, माल, रक्कम आणि तुमच्या धंद्याचं नाव पाहिजे. तुम्ही जीएसटीत नोंदलेले असाल तर तुमचा जीएसटी नंबरही. मालकाच्या वैयक्तिक नावावर घेतलेलं बिल अगदीच बाद होत नाही, पण प्रश्न मागे लावतं. पेट्रोल पंपाची आणि टोलची थर्मल पावती काही महिन्यांत कोरी होते. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून महिन्याच्या फोल्डरात टाका.

हमाल, रिक्षावाला, टेम्पोवाला बिल देत नाही. तिथे छापील कॅश व्हाउचर वापरा. त्यावर एवढं पुरतं: तारीख, ‘मार्केट यार्ड ते कारखाना, हळद ४० पोती, हमाली’ असा कामाचा तपशील, रक्कम, घेणाऱ्याचं नाव, मोबाइल आणि सही, टेम्पो असेल तर गाडीचा नंबर. रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. वर्षभराची व्हाउचरं एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात मार्चमध्ये लिहिली की ती पाहणाऱ्याला लगेच कळतात. ‘किरकोळ खर्च’ या नावाखाली मोठी रक्कमही टाकू नका. तेच पैसे वाहतूक, हमाली, छपाई, चहापाणी असे वेगळे दाखवले तर कुणी फारसं विचारत नाही.

भाड्यासाठी लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृत असणं भाडे नियंत्रण कायद्यानेच बंधनकारक आहे. वीजबिल जागामालकाच्या नावावर येत असेल तर ‘वीजबिल लायसन्सी भरेल’ (लायसन्सी म्हणजे जागा घेणारे तुम्ही) ही ओळ करारात घालून घ्या, म्हणजे दुसऱ्याच्या नावावरच्या बिलाचा खर्च तुम्हाला घेता येईल. अनामत रक्कम हा खर्च नाही.

रोखीची भिंत

सगळ्यांत जास्त वजावट इथे जाते. कलम ४०ए(३) नुसार एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलं, तर ती पूर्ण रक्कम बाद. वरचा भाग नव्हे, पूर्ण रक्कम. एकाच व्यापाऱ्याला सकाळी ९,५०० आणि संध्याकाळी ९,५०० दिले, दोन वेगळी बिलं असली, तरी १९,००० गेले. मालवाहतूक करणाऱ्यासाठी मर्यादा ३५,००० आहे. बेअरर चेक रोखच धरला जातो. अकाउंट पेयी चेक, एनईएफटी, यूपीआय, कार्ड हे चालतं.

मागच्या वर्षी उधारीवर खरेदी दाखवली आणि या वर्षी ती उधारी १०,००० च्या वर रोखीने फेडली, तर तेवढी रक्कम या वर्षीचं उत्पन्न म्हणून मिळवली जाते. वर्षअखेरीची देणी एप्रिलमध्ये गल्ल्यातून चुकती करण्याची सवय असलेल्यांनी हे खास वाचावं.

नियम ६डीडी मध्ये काही अपवाद आहेत. त्यातला शेतमालाचा अपवाद मसालावाले, फळप्रक्रियावाले, दूधवाले यांना उपयोगी. शेतमाल, दूध, कोंबडी, मासे प्रत्यक्ष पिकवणाऱ्या किंवा उत्पादन करणाऱ्याकडून घेतले तर रोख कितीही दिलं तरी वजावट राहते. हळद थेट शेतकऱ्याच्या खळ्यावरून घेतली तर हा अपवाद लागतो. तीच हळद व्यापाऱ्याकडून घेतली तर लागत नाही, कारण व्यापारी ती पिकवत नाही. शेतकऱ्याकडून घेताना खरेदी पावतीवर त्याचं नाव, गाव, माल, वजन, दर आणि सही घ्या आणि सातबाऱ्याची प्रत जोडा. सातबारा सापडला नाही म्हणून अपवाद हातचा गेला, असं बऱ्याचदा घडतं.

नुसता खर्च की मालमत्ता

यंत्र, संगणक, फर्निचर, गाडी हा भांडवली खर्च. तो एकदम वजा होत नाही, दरवर्षी घसाऱ्याने होतो. दर असे: यंत्रसामग्री आणि कार १५ टक्के, संगणक ४० टक्के, फर्निचर आणि वीजजोडणीसारखी फिटिंग १० टक्के, भाड्याने फिरवायचे ट्रक-टॅक्सी ३० टक्के. हे दर शिल्लक किमतीवर लागतात, मूळ किमतीवर नाही.

पल्व्हरायझर (पूड करायचं यंत्र) २,४०,००० ला घेतला, जीएसटीचं क्रेडिट घेतलं (खरेदीवरचा जीएसटी विक्रीवरच्या जीएसटीतून वळता केला), तर जीएसटी किमतीत धरायचा नाही. क्रेडिटही आणि त्यावर घसाराही असा दुहेरी फायदा मिळत नाही. आणून बसवायला आलेले १२,००० रुपये किमतीत मिळवले की २,५२,०००. पण हे १२,००० फिटरला एकाच दिवशी रोख दिले असतील, तर कलम ४३(१) मुळे ते किमतीत धरता येत नाहीत आणि घसाऱ्यातूनही कायमचे गेले. तीच रक्कम गूगल पेने दिली असती तर हा प्रश्न आलाच नसता.

यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर पहिल्या वर्षी घसारा निम्मा. २० नोव्हेंबर २०२५ ला सुरू झालेल्या याच यंत्रावर ७.५ टक्क्यांनी १८,९०० मिळतील. ३ ऑक्टोबरपर्यंत सुरू झालं असतं तर पूर्ण ३७,८००. बिलाची तारीख नव्हे, वापर सुरू झाल्याची तारीख महत्त्वाची. म्हणून इन्स्टॉलेशन रिपोर्ट किंवा पहिल्या दिवसाची उत्पादन नोंद ठेवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यंत्र विकत घेऊन गुंडाळलेलं ठेवलं तर काहीच मिळत नाही. कर्जाचं व्याजही यंत्र सुरू होईपर्यंत किमतीत जातं, त्यानंतरचं खर्चात. हप्त्यातली मुद्दल खर्च नाही, फक्त व्याज. बँकेकडून वर्षाचं व्याज प्रमाणपत्र काढा, हप्त्यांची बेरीज करू नका.

दुरुस्तीच्या बाबतीत विचार असा: जुनं होतं तसं चालू केलं तर दुरुस्ती, नवीन फायदा मिळवला तर भांडवली. मोटरचं रिवाइंडिंग दुरुस्ती. ५ एचपीच्या जागी १० एचपीची मोटर भांडवली. भाड्याच्या गाळ्यात केलेली फरशी, पोटमाळा, कायमचं पार्टिशन हा भांडवली खर्च असून त्यावर इमारतीच्या दराने, म्हणजे १० टक्के, घसारा मिळतो.

साठ्याबद्दल एक गैरसमज इतका पक्का आहे की तो मुळातूनच काढायला हवा. ‘मार्चमध्ये माल भरून ठेवला की नफा कमी होतो’ हे खोटं आहे. न विकलेला माल अखेरच्या साठ्यात येतो आणि खरेदीइतकाच नफा परत वाढतो. ३१ मार्चला माल प्रत्यक्ष मोजून यादी करा. खराब झालेला, किडलेला माल वेगळा लिहा, त्याचा फोटो आणि विल्हेवाटीची नोंद ठेवा. तो खरा तोटा असतो आणि तोच बहुतेकांचा नोंदवायचा राहतो.

वेळेवर न दिलेले पैसे

कलम ४३बी मधल्या रकमा प्रत्यक्ष दिल्यावरच मिळतात: जीएसटी, व्यवसाय कर, मालकाचा पीएफ-ईएसआयचा हिस्सा, बोनस, बँकेचं व्याज. ३१ मार्चला देणं असलेलं रिटर्नच्या मुदतीआधी भरलं तर त्याच वर्षी मिळतं. कामगाराच्या पगारातून कापलेल्या पीएफ-ईएसआयच्या हिश्शाला ही सवलत नाही. तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरला नाही तर वजावट कायमची जाते, आणि वर ती रक्कम उत्पन्नात धरली जाते. २०२२ च्या चेकमेट सर्व्हिसेस निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा वाद संपवला. १५ तारीख रविवारी येत असेल तर शुक्रवारीच भरा.

४३बी(एच) हा सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या देण्यांचा नियम. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादक अथवा सेवा देणाऱ्याकडून घेतलं, तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत उलटूनही ३१ मार्चला बाकी असेल, तर ज्या वर्षी द्याल त्या वर्षी वजावट. रिटर्नआधी भरण्याची सवलत इथे नाही. पॅकिंग पाऊच छापणाऱ्या लघु उद्योगाकडून ५ मार्चला माल आला, करार नाही, पैसे २ एप्रिलला दिले: मुदत २० मार्चला संपली होती, म्हणून खर्च पुढच्या वर्षात. तोच माल २० मार्चला आला असता तर मुदत ४ एप्रिलपर्यंत होती आणि २ एप्रिलचं पेमेंट चाललं असतं. उशीर झाला पण त्याच वर्षात पैसे दिले, तर वजावट जात नाही. उद्यम नोंदणी असलेला पुरवठादार नुसता व्यापारी असेल तर हा नियम लागत नाही. म्हणून फेब्रुवारीत सगळ्या पुरवठादारांकडून उद्यम प्रमाणपत्र मागवा आणि त्यावर ‘उत्पादन’, ‘सेवा’ की ‘व्यापार’ ते पाहा.

टीडीएस

एकट्या मालकाची मागच्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या वर (पेशात ५० लाखांच्या वर) असेल तरच त्याला नेहमीचा टीडीएस कापावा लागतो. भागीदारी संस्थेला मात्र उलाढाल कितीही असो, कापावाच लागतो. २०२५-२६ च्या मर्यादा: भाडं महिन्याला ५०,०००, व्यावसायिक फी वर्षाला ५०,०००, कमिशन २०,०००, कंत्राटी काम एका बिलाला ३०,००० किंवा वर्षाला १ लाख. न कापल्यास खर्चाच्या ३० टक्के रक्कम बाद होते आणि टीडीएस भराल त्या वर्षी परत मिळते. हटकून विसरला जातो तो खाजगी फायनान्स कंपनीला दिलेल्या व्याजावरचा टीडीएस. बँकेला दिलेल्या व्याजावर कापायचा नसतो, म्हणून इथेही नसेल असं वाटतं. हप्ता खात्यातून आपोआप जातो आणि कापायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

भागीदारी असेल तर

भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज वजा होतं, पण करारनाम्यात तसं लिहिलेलं असेल तरच. ‘भागीदार ठरवतील त्याप्रमाणे’ असं मोघम लिहून चालत नाही. रक्कम किंवा ती काढायची रीत हवी. व्याज वर्षाला १२ टक्क्यांपर्यंत. पगार फक्त काम करणाऱ्या भागीदारांना, आणि मर्यादा अशी: पहिल्या ६ लाख पुस्तकी नफ्यावर ३ लाख किंवा ९० टक्के यांतलं जास्त, उरलेल्यावर ६० टक्के. व्याज वजा करून आणि पगाराच्या आधी पुस्तकी नफा ८ लाख असेल, तर पगार ५.४० अधिक १.२०, म्हणजे ६.६० लाखांपर्यंत. संस्थेला कर फक्त १.४० लाखांवर, बाकी भागीदारांच्या हाती त्यांच्या त्यांच्या दराने.

१ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात २०,००० च्या वर पगार, व्याज, बोनस, कमिशन दिलं किंवा त्याच्या खात्यात जमा केलं, तर कलम १९४टी खाली १० टक्के टीडीएस कापावा लागतो. टॅन नंबर (टीडीएस कापण्यासाठी लागणारा क्रमांक) नसलेल्या जुन्या संस्थांनी तो आधी काढावा. जुना करारनामा कपाटातून काढून वाचा. नवी मर्यादा त्यात धरलेली नसेल तर पूरक करार करा. तो ज्या तारखेपासून लागू असेल त्याच्या आधीच्या महिन्यांना उपयोगी पडत नाही. ४४एडी घेतलेल्या संस्थेला हा पगार वेगळा वजा करता येत नाही.

रिटर्नमध्ये कुठे लिहायचं

४४एडी असेल तर आयटीआर-४, हिशेबाने दाखवायचं असेल तर मालकाला आयटीआर-३ आणि संस्थेला आयटीआर-५. नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद आधी जुळवून मग पोर्टल उघडा. बिझनेस शेड्यूलमध्ये पुस्तकातला घसारा परत मिळवायचा आणि आयकराच्या दराने काढलेला वजा करायचा. ही पायरी चुकली की घसारा एक तर दोनदा जातो किंवा अजिबात जात नाही. रोखीचा, टीडीएसचा, ४३बी चा बाद होणारा भाग नफ्यात स्वतःहून मिळवा. ऑडिट नसलं की ‘इतर माहिती’चा भाग ऐच्छिक असतो, पण भरलेला बरा. मागच्या वर्षी बाद झालेलं आणि या वर्षी दिलेलं वजा करायला विसरू नका, कारण ते आठवून देणारं कुणी नसतं. जीएसटी रिटर्नमधली विक्री आणि इथली विक्री यांत फरक असेल तर कारणाचा कागद तयार ठेवा.

रिटर्न मुदतीतच भरा. उशीर झाला तर त्या वर्षीचा व्यवसाय-तोटा पुढे नेता येत नाही. जुनी करप्रणाली हवी असलेल्या मालकाला फॉर्म १०-आयईए सुद्धा त्याच मुदतीत भरावा लागतो.

छाननीची १४३(२) ची नोटीस रिटर्न भरलं ते आर्थिक वर्ष संपल्यानंतर ३ महिन्यांत यावी लागते. २०२६ च्या उन्हाळ्यात भरलेल्या रिटर्नला ती ३० जून २०२७ पर्यंतच येऊ शकते. आली तर सगळा गठ्ठा अपलोड करू नका. विचारलेल्या खर्चाची खतावणी (त्या खात्यातल्या सगळ्या नोंदी), त्यातल्या मोठ्या नोंदींची बिलं आणि त्या नोंदींवर खूण केलेलं बँक स्टेटमेंट, असं एकामागे एक लावून पाठवा. हिशेब आणि बिलं असेसमेंट वर्ष (आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून ६ वर्षं ठेवा. यंत्रांची बिलं मात्र यंत्र विकलं जाईपर्यंत, आणि त्यानंतर आणखी ६ वर्षं.